व्यूहाबाहेरची वाट

बारामती हे नाव उच्चारले की जुन्या पिढीच्या मनात प्रथम मोरोपंत उभे राहतात. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हेच्या काठी राहून ह्या कविवर्यांनी सबंध महाभारत आर्यावृत्तात उतरविले. १७९४ साली त्यांनी देह ठेवला, त्यास आता सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. तरी ज्या घरी पुराणवाचनाचा संस्कार शिल्लक आहे तेथे पंतांचे नाव अजून आदराने निघते. तेथील आजच्या मुलांची दृष्टी मात्र पोथीकडे कमी आणि आकाशाकडे अधिक लागलेली असते. गेल्या वीसेक वर्षांत गावाबाहेरील धावपट्टीवर विमान चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था आल्या. आणि बारामतीच्या उसावरून, इंदापूरच्या माळांवरून, उजनीच्या पसरलेल्या पाण्यावरून घिरट्या घालणारी लहान विमाने हा इकडील लोकांच्या नित्य परिचयाचा देखावा होऊन गेला.

मोरोपंत कोठे आणि विमाने कोठे, असे वाचक म्हणतील. परंतु ह्या दोहोंस जोडणारा एक धागा आम्हांस दिसतो, आणि तो अभिमन्यूच्या कथेचा आहे. द्रोणपर्वातील तो प्रसंग आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला आहे. चक्रव्यूहात शिरावे कसे हे त्या पोरास ठाऊक होते. बाहेर पडावे कसे हे ठाऊक नव्हते. आपण बहुधा एवढेच ध्यानात ठेवतो आणि त्याच्या शौर्यास वंदन करून पुढे जातो. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सोयीस्करपणे विसरतो. आपणांस परतीची वाट माहीत नाही, हे अभिमन्यूने लपविले नव्हते. त्याने ते घरच्या वडीलधाऱ्यांस स्पष्ट सांगितले होते. आणि तरीही, ‘तू व्यूह फोड, आम्ही तुझ्या मागोमाग येतोच,’ असे सांगून त्यास आत धाडले ते त्याच्या स्वतःच्या चुलत्यांनी. पुढे जयद्रथाने त्यांस दाराशीच अडविले. मुलगा आत गेला, घर बाहेर राहिले.

सैन्यातून निवृत्त होऊन घरी आलेल्या हेलिकॉप्टर-वैमानिकाच्या आयुष्याविषयी ह्या महिन्यात लिहावयाचे आम्ही योजिले आहे, त्याच्या आरंभी ही कथा आणण्याचे कारण पुढे कळून येईल.

प्रथम एका सामान्य गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. लष्करी वैमानिक म्हटला की तो वायुदलाचाच असला पाहिजे, असे आपल्यापैकी पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. भूदलाचे स्वतःचे वैमानिक असतात. स्वातंत्र्याच्या आधीपासून तोफखान्यातील काही अधिकारी लहान विमानांतून वर जाऊन, आपल्या तोफांचे गोळे कोठे पडतात हे पाहून खाली कळवीत असत. ते तोफखान्याचेच मानकरी समजले जात. पुढे १ नोव्हेंबर १९८६ रोजी ‘आर्मी एव्हिएशन कोअर’ ह्या नावाने त्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले. महाराष्ट्राचा ह्या दलाशी जवळचा संबंध आहे. कारण त्याच्या वैमानिकांस घडविणारी शाळा २००३ सालापासून नाशिक येथे आहे. ह्याच शाळेतून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक ह्या भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, हे वर्तमान आमच्या भगिनींनी कौतुकाने वाचले असेलच.

ह्या दलाची चाळीसपन्नास वर्षांची मुख्य वाहने दोन : ‘चेतक’ आणि ‘चीता’. दोन्ही मूळची फ्रेंच रचनेची, आणि आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली. चीता हे तर मुळी आपल्या सैन्याच्या गरजेवरून, हिमालयाच्या उंचीसाठीच योजिलेले यंत्र. त्याच्या मूळ फ्रेंच नमुन्याने १९६९ मध्ये हिमालयात साडेसात हजार मीटर उंचीवर उतरून पुन्हा उड्डाण केले; आणि १९७२ मध्ये एका फ्रेंच वैमानिकाने ते १२,४४२ मीटरपर्यंत वर नेले. यंत्र हलके, एकाच इंजिनाचे, आणि आत जेमतेम पाच माणसांची जागा.

हेलिकॉप्टर चालविणे हे विमान चालविण्याहून अगदी निराळे आहे. विमान एकदा नीट उडू लागले की काही काळ आपले आपण सरळ जाते. हेलिकॉप्टरचे तसे नाही. डाव्या हातातील दांड्याने ते वरखाली करावयाचे, उजव्या हातातील दांड्याने पुढेमागे व बाजूस झुकवावयाचे, दोन्ही पायांनी शेपटाकडील पंखा सांभाळून तोंड सरळ राखावयाचे. आणि ह्यांतील एक हलविले की बाकीच्या सर्वांस त्याचा हिशेब द्यावयाचा. एका हाताने ताक घुसळीत, दुसऱ्याने पोळी उलटीत, पायाने पाळण्याची दोरी ओढणाऱ्या गृहिणीस हे वर्णन वाचून फारसे नवल वाटणार नाही!

आता इंजिन बंद पडले तर काय, हा प्रश्न प्रत्येक वैमानिकाच्या आईने त्यास विचारलेला असतो. त्याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. इंजिन थांबले तरी वरचे पाते तत्काळ थांबत नाही. वैमानिकाने क्षणाचा विलंब न लावता डावा दांडा खाली दाबला, तर यंत्र खाली येऊ लागते, खालून वर येणारा वारा पात्यास फिरता ठेवतो, आणि त्या साठलेल्या वेगाच्या बळावर जमिनीजवळ येताच एकदा, फक्त एकदाच, पडण्याचा वेग आवरता येतो. म्हणजे हेलिकॉप्टर वाचते ते वेळीच खाली येण्याचा निर्णय घेतल्याने; वर राहण्याचा हट्ट धरला तर पात्याचा वेग सरतो आणि मग उपाय उरत नाही. ही गोष्ट सैन्यातील प्रत्येक हेलिकॉप्टर-वैमानिक प्रारंभीच शिकतो, आणि पुढे आयुष्यभर ती त्याच्या हाडीमासी खिळून राहते.

सियाचेनमध्ये ह्या विद्येची परीक्षा होते. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा राहतो. आणि आपल्या काही चौक्या त्याहूनही वर, वीस हजार फुटांच्या पलीकडे आहेत. पातळ हवेत पात्यास धरावयास काही नसते, इंजिनाचा दम सरतो, आणि खाली पाच माणसे नेणारे यंत्र तेथे एखादा रॉकेलचा डबा नेऊन टाकण्यात धन्यता मानते. खाली बर्फ पांढरे, वर ढग पांढरे. मध्ये क्षितिज म्हणून काही उरत नाही. अशा वेळी कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय खोटे सांगू लागते. यंत्र कलले असता सरळ आहे असे वाटते. त्या वेळी स्वतःच्या अंगच्या जाणिवेवर अविश्वास ठेवून समोरच्या घड्याळांवर विश्वास ठेवणे, आणि तीही पुरेशी नसतील तर माघारी फिरणे, ह्यास केवढे मनोबल लागत असेल ह्याची कल्पना आपण घरात बसून करावी. एकेकटे न जाता दोन-दोन हेलिकॉप्टरांनी जोडीने जावे, म्हणजे एक पडले तर दुसऱ्यास ठिकाण तरी कळेल, असा तेथील परिपाठ आहे.

कोणी म्हणेल की सैनिकाने माघारी फिरणे हे शोभते काय? ह्यास उत्तर म्हणून फेब्रुवारी २०१६ मधील एक प्रसंग सांगतो. ३ तारखेस सियाचेनच्या सोनम चौकीवर हिमलोट कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा एक जवान होता. सहा दिवस शोध चालला. आणि ८ तारखेस, सोमवारी, पंचवीस-तीस फूट बर्फाखाली धारवाड जिल्ह्याचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले! ज्या माणसासाठी सारा देश देवास हात जोडून होता, त्यास तत्क्षणी खाली आणावे असे कोणास वाटणार नाही? परंतु ती रात्र डॉक्टरांनी तेथेच, त्या चौकीवर त्यांची शुश्रूषा करण्यात काढली, आणि हेलिकॉप्टराने त्यांस मंगळवारी सकाळी खाली आणले. दैवाने साथ दिली नाही. ११ तारखेस दिल्लीत त्यांचे निधन झाले. तरीही उजाडेपर्यंत थांबण्यात यत्किंचितही भ्याडपणा नव्हता. अंधारात त्या शिखरांतून उडून वैमानिक, रुग्ण आणि यंत्र तिन्ही गमावणे ह्यास कोणी शौर्य म्हणू शकणार नाही. जीव वाचवावयास जाणाऱ्याने प्रथम पोहोचले पाहिजे, आणि मग परत आले पाहिजे. ह्या दोहोंपैकी एकच साधले तर काम अर्धे झाले असे नव्हे, ते मुळीच झाले नाही.

येथे आम्हांस वैमानिकाच्या वहीची गोष्ट आठवते. प्रत्येक वैमानिकापाशी एक नोंदवही असते. कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रातून, कोठून कोठे, किती तास उडालो, हे तीत लिहून ठेवावयाचे असते. निवृत्त झालेला मनुष्य ती वही देवघरातील पोथीप्रमाणे जपतो, आणि नातवंडांस मांडीवर घेऊन तिची पाने उलटतो. पण त्या वहीत एक रकाना नाही. जे उड्डाण केले नाही त्याची नोंद तीत कोठेही होत नाही. सकाळी यंत्र सज्ज होते, माणसे सज्ज होती, वरिष्ठांची निकड होती, आणि तरीही खोऱ्यातील ढग पाहून ‘आज नाही’ असे म्हटले, त्या दिवसाचे पान कोरे राहते. त्यासाठी पदक मिळत नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही. तथापि तो मनुष्य आज ओसरीवर बसून नातवाशी बोलतो आहे, तो ह्या कोऱ्या पानांच्या पुण्याईने, हे त्याच्या घरच्यांनी जाणले पाहिजे.

निवृत्तीनंतर पुष्कळ वैमानिक घरी बसत नाहीत, आणि बसावे असे वयही नसते. लेफ्टनंट कर्नल किंवा कर्नल ह्या हुद्द्यावर वयाच्या ५४ व्या वर्षी सेवा संपते. कित्येक त्याआधीच बाहेर पडतात. नागरी वैमानिकास आपल्या देशात ६५ व्या वर्षापर्यंत उडता येते. तेव्हा कोणी मुंबईच्या जुहूवरून समुद्रातील तेलाच्या फलाटांकडे माणसे नेतो, कोणी शिकाऊ मुलांचा गुरू होतो, आणि कोणी उन्हाळ्याच्या दिवसांत केदारनाथास यात्रेकरू पोहोचवितो. सैन्यात असता ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याच्या मागे उभा असतो. बाहेर मात्र त्यास तिकिटे काढून बसलेले भाविक भेटतात, पुढल्या फेरीची रांग भेटते, आणि दिवसभरात किती फेऱ्या झाल्या ह्याचा हिशेब भेटतो.

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथाहून गुप्तकाशीकडे निघालेले एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या रानात कोसळले. आतील सातही जण गेले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक कुटुंब होते : पती, पत्नी आणि दोन वर्षांचेही पुरे न झालेले त्यांचे लेकरू. चालविणारा गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेला लेफ्टनंट कर्नल होता. सुमारे पंधरा वर्षे त्याने सैन्यात काढली होती, आणि त्याच्याही घरी नुकताच पाळणा हलू लागला होता. त्या वेळी खोऱ्यात धुके दाटले होते असे प्रसिद्ध झाले. त्याच यात्राकाळात ८ मे रोजी गंगोत्रीच्या वाटेवर दुसरे एक हेलिकॉप्टर पडून सहा जण दगावले होते. गेलेल्या वैमानिकास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि तसे करण्याची इच्छाही नाही. त्या क्षणी त्यास काय दिसले आणि काय दिसले नाही, हे तोच जाणे. आम्ही विचारतो ते स्वतःस आणि आमच्या वाचकांस. देवदर्शनास निघालेले आपण, हवा बिघडल्यामुळे उड्डाण रद्द झाले असे कळताच काय करतो? त्या कारकुनावर आवाज चढवितो की नाही? ‘आमचे पुढचे आरक्षण आहे, आम्हांस आज पोहोचलेच पाहिजे,’ असे म्हणणाऱ्यांत आपणही उभे असतो की नाही? पांडवांचे ‘आम्ही मागोमाग येतोच’ आणि आपले हे ‘आज पोहोचलेच पाहिजे’ ह्यांत फार अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, वैमानिकाच्या कुटुंबास विमानात जागा नसली तरी त्याच्या निर्णयात जागा असते. हे नीट कळावे म्हणून आपण एक घर कल्पू. घर इंदापूर तालुक्यातील आहे. मळा आहे, चार भावांचे एकत्र कुटुंब आहे, कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा श्रीलक्ष्मीनृसिंह आहे. दोन नंबरचा मुलगा सैन्यात हेलिकॉप्टर चालवून निवृत्त होऊन आला आहे. तो उत्तरेस असता त्याच्या आईने दर वर्षी नीरा-भीमेच्या संगमावर जाऊन देवास नवस बोलले; त्याच्या पत्नीने नाशिकच्या वसाहतीत राहून मुले वाढविली, आणि वर्षानुवर्षे दूरध्वनी वाजला की प्रथम छातीवर हात ठेवून मग तो उचलला. आता तो घरी आहे. पहाटे उठतो, पंप सुरू करावयास जाताना कागदावरची यादी वाचून एकेक गोष्ट तपासतो, आणि धाकटे भाऊ मागून हसतात. ‘दादाला घरच्या विहिरीवर जायलासुद्धा परवानगी लागते,’ असे कोणी म्हणते. घरात त्याचा आदर आहे. पण त्याचा उपयोग काय, हे कोणास नीटसे उमगलेले नाही. त्यासही नाही.

भाद्रपदाचे दिवस आहेत. गौरींचे आवाहन आहे. धाकट्या भावाचा मुलगा पुण्याहून बायको व तान्ह्या मुलीस घेऊन मोटारीने निघाला आहे. पाऊस लागला आहे, दिवस बुडत आला आहे. घरातील वडील माउली दूरध्वनीवर नातवास म्हणते, “अरे, सगळ्या लेकीसुना जमल्यात, तुमच्यावाचून खोळंबलंय. दिवेलागणीच्या आत या बरं. तुझ्या मुलीची ही पहिलीच गौर आहे.”

पलीकडून आवाज येतो, “येतो आजी, येतो. जरा जोरात घेतो गाडी.”

तेव्हा इतका वेळ ओसरीवर बसलेला तो निवृत्त गृहस्थ उठतो आणि आईच्या हातून यंत्र घेतो.

“बाळ, कुठवर आला आहात?”

“यवतच्या पुढं, काका. पाऊस फार आहे. पुढच्या ट्रकचा दिवासुद्धा मधूनमधून दिसत नाही.”

“मग आता पाटसला थांबा. तिथं राहायची सोय होईल. सकाळी उजाडलं आणि पाऊस उघडला म्हणजे निघा. इथं कुणीही रागावणार नाही, हे मी सांगतो.”

“पण आजी—”

“आजीशी मी बोलतो.”

घरात क्षणभर कोणी बोलत नाही. सणाच्या दिवशी असे काही बोलावे हे अशुभ, असा भाव एकदोघींच्या मुखावर दिसतो. मग त्याची पत्नी, जिने इतकी वर्षे दूरध्वनीची वाट पाहण्यात काढली ती, सासूच्या जवळ जाऊन हळूच म्हणते, “आई, ह्यांनी तिकडं कितीदा तरी असंच थांबून घेतलं असेल. म्हणून तर आज ते इथं आहेत.” म्हातारी मुलाकडे पाहते. मग पदराने डोळे टिपून म्हणते, “येऊ दे हो उद्या. पूजन उद्याच आहे. गौरी काही लगेच जात नाहीत माझ्या घरातून.”

प्रसंग कल्पित आहे. परंतु सणाच्या दिवशी ज्या घरी हा संवाद कधीच झाला नाही अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काहींनी त्याचे मोल फार मोठे दिले आहे, हे कल्पित नाही. आमच्या घरांतून ‘वेळेवर ये’ हे प्रेमाचे वाक्य समजले जाते. पाने वाढलेली आहेत, मुहूर्त टळतो आहे, मामा खोळंबले आहेत. ह्या साध्या वाक्यांतील घाई रस्त्यावरच्या माणसाच्या पायात जाते आणि त्याचा वेग वाढतो. वैमानिकांच्या अपघातांचा विचार करणाऱ्या लोकांनी ‘काहीही करून घरी पोहोचण्याची ओढ’ हे एक स्वतंत्र कारण म्हणून ओळखले आहे. घरी पोहोचण्याची ओढ लावणारे घरच असते. तेव्हा ती ओढ सैल करण्याचे सामर्थ्यही घराच्याच हाती आहे. निवृत्त वैमानिकाचा कुटुंबास उपयोग कोणता, ह्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. घाईने दिलेला शब्द मोडण्याची परवानगी कोणी तरी वडीलधाऱ्याने मोठ्याने द्यावी लागते, आणि ती देण्याची सवय त्याच्या जिभेस आहे.

ह्याच संदर्भात आणखी एका धैर्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेली येथे चीता हेलिकॉप्टर कोसळून भूदलाचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर सैन्यातील अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन, ही जुनी यंत्रे आता निवृत्त करा अशी मागणी सरकारपाशी केली. त्यांच्या पुढारीपणात नाशिकची एक वकील भगिनी होती. २०१५ मध्ये त्या तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांस भेटल्या. सैनिकाच्या पत्नीने निमूटपणे वाट पाहावी, हा आपला जुना आदर्श. ह्या भगिनींनी तो मोडला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी तो पुरा केला. ‘जा’ म्हणण्याची हिंमत ज्यांनी प्रत्येक वेळी दाखविली त्यांस ‘परंतु ज्यात बसवून पाठविता ते यंत्र नीट असू द्या’ असे म्हणण्याचा अधिकार सर्वांहून अधिक आहे. नव्या हलक्या हेलिकॉप्टराचे आपल्याकडील पहिले उड्डाण सप्टेंबर २०१६ मध्ये झाले आणि त्यासाठी कर्नाटकात तुमकूर येथे मोठा कारखाना २०२३ मध्ये उघडण्यात आला. तरी जुन्यांची जागा नव्यांनी घेण्याचे काम त्या भगिनींच्या भेटीनंतर वर्षानुवर्षे रेंगाळले.

आता पुन्हा बारामतीच्या आकाशाकडे वळू. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उडालेली एक शिकाऊ तरुणी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात विमानासह कोसळली. विमान उलटेपालटे झाले. मुलगी किरकोळ दुखापतीवर बचावली, आणि गावकरी तिच्या मदतीस धावले. त्या दिवशी कित्येक आईबापांच्या मनात आपल्या मुलामुलींस ह्या मार्गास पाठवावे की नाही असा प्रश्न उभा राहिला असेल. आमचे मत असे की अवश्य पाठवावे. उडण्याची विद्या थोर आहे, आणि मुली ती मुलांइतकीच उत्तम शिकतात. मात्र पाठविताना घराने आपला एक अभ्यास करावा.

नागरी वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळविण्यास २०० तासांचे उड्डाण लागते. त्या प्रत्येक तासास मोठे मोल पडते. आणि मध्यम स्थितीची कुटुंबे ते कर्ज काढून, जमिनीचा तुकडा विकून, कधी आईच्या पाटल्या मोडून भागवितात. मुलास हे ठाऊक असते. पावसाळी हवेमुळे किंवा यंत्राच्या दुरुस्तीमुळे जमिनीवर गेलेला प्रत्येक दिवस त्यास घरावरच्या ओझ्यासारखा वाटतो. अशा मुलास दूरध्वनीवर आपण रोज काय विचारतो? ‘किती तास झाले?’ हा प्रश्न निरागस आहे. परंतु तो ऐकून ऐकून मुलाच्या मनात एक निराळाच हिशेब तयार होतो, आणि मग एखाद्या सकाळी ढग असताना, किंवा मन स्थिर नसताना, तो ‘आज नाही’ हे शब्द गिळून टाकतो. त्याऐवजी कधी तरी, ‘आज उडाला नाहीस ना? बरे केलेस,’ असे म्हणून पाहावे. त्या वाक्यास पैसा पडत नाही, आणि कर्ज काढून घेतलेल्या सर्व तासांइतकेच ते त्याच्या उपयोगी पडण्याचा संभव आहे.

ज्या घरी सैन्यातून आलेला असा एखादा काका किंवा मामा आहे त्या घराचे भाग्य मोठे. त्यास केवळ शौर्याच्या कथा विचारू नयेत. त्या तो सांगतोही थोड्या, कारण ज्यांच्या त्या कथा आहेत त्यांतील काही जण परत आलेले नसतात. आणि सणाच्या दिवशी तो एकाएकी गप्प बसला तर त्याचे कारण खोदून विचारू नये. त्यास एवढेच विचारावे : ‘आपण माघारी फिरलात, अशी एखादी गोष्ट सांगा.’ प्रथम तो चमकेल. कारण हा प्रश्न त्यास आजवर कोणी विचारलेला नसेल. मग सावकाश बोलू लागेल. आणि जे ऐकावयास मिळेल ते मुलांनी जन्मभर जपून ठेवावे असे असेल.

मोरोपंतांच्या गावी अभिमन्यूची कथा आजही सांगितली जावी, हे आम्हांस हवेच आहे. परंतु ती सांगताना पुराणिकाने, आईने किंवा आजीने शेवटी एक वाक्य आपल्या पदरचे जोडावे, अशी आमची विनंती आहे. बाळा, आत शिरावयास आम्ही तुला शिकवू. पण बाहेरची वाट ठाऊक नसेल तर तसे सांग, आम्ही तुला आत पाठविणार नाही. आणि निम्म्या वाटेवरून परत आलास तरी ह्या घराचे दार तुला उघडेच सापडेल. असो.